चार जीबीतल्या नद्या

आमच्या जळगावात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी पिंपं भरून ठेवतात. पाणी वापरून संपतं, तळाशी गाळ उरतो. निवृत्त प्राध्यापकांच्या गटात किस्से साचतात ते असेच. हुद्दा गेला, विद्यार्थी गेले, रस्त्यात थांबून नमस्कार करणारे कमी झाले. तळाशी हे उरलं. खरवडायला बसलं की एवढं निघतं की वाटतं, आपण नोकरी केली की जन्मभर हेच जमवत होतो? सगळे सांगण्यासारखे नाहीत. एका लॅपटॉपच्या रॅमभोवती जमलेले तेवढे सांगतो. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. मी स्वतःच्या सांगण्यावर हल्ली फारसा विश्वास ठेवत नाही.

गट चौघांचा. सकाळी फिरून झालं की आमच्या ओट्यावर बसतो. आबा, म्हणजे असोद्याचे आबासाहेब पाटील, भूगोलाचे. नाना मूळचे धुळ्याचे, मराठीचे. जिभेला धार, आणि चिडले की पुस्तकी मराठी सोडून थेट अहिराणीत उतरणार. कोठारी सर कॉमर्सचे. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, घरात पिढीजात कापडाचं दुकान. त्या घरात मास्तर निघालेले हे एकटेच, आणि त्याबद्दल घरच्यांनी त्यांना अजून माफ केलेलं नाही. चौथा मी, इलेक्ट्रॉनिक्सचा. गटात पीएच.डी. मी एकट्यानंच केली, म्हणून सगळे मला 'डॉक्टर' म्हणतात.

या पदवीची गरज कॉलनीत एकदाच पडली. शेजारच्या अक्का गुडघा धरून आल्या.

"डॉक्टर, काहीतरी द्या हो. चालवत नाही."

मी म्हटलं, "अक्का, मी त्यातला डॉक्टर नाही. मी सेमिकंडक्टरमध्ये केलंय."

अक्कांनी क्षणभर विचार केला. "बरं," म्हणाल्या, "मग त्यातलं द्या!"

*

आबांनी नोकरीतली एकूण एक सुट्टी नद्यांवर घालवली. मोटारसायकलच्या डिकीत कॅमेरा आणि भाकरी बांधून निघायचे. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर, तापी. उगम, वळणं, पूल, डोह, घाट, सगळ्यांचे फोटो. निवृत्त झाल्यावर लॅपटॉप घेतला आणि 'खानदेशच्या नद्या' हा ग्रंथ स्वतः टाइप केला, फोटोंसकट. प्रस्तावना नाना लिहिणार होते. छपाईचं कोठारी सर बघणार होते. आबांनी फक्त एकदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून 'ठीक' म्हणायचं होतं. तेवढंच होत नव्हतं, कारण फाईल उघडत नव्हती.

म्हणजे उघडायची, पण तिच्या सवडीनं. आबा सकाळी क्लिक करून आंघोळीला जात. आंघोळ, पूजा, तुळशीला पाणी. परत येईपर्यंत वाघूर अर्धी आलेली असे. वरचं आकाश दिसतंय, खालचं पाणी यायचंय. पुढच्या पानावर जायचं म्हटलं की पडदा पांढरा. बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे लाईट गेली की नदी गेली. मग पुन्हा पहिल्यापासून.

एकदा आबा ओट्यावर आले ते चेहरा उजळून. "आज बोरीपर्यंत पोचलो होतो! तेवढ्यात लाईट गेली."

नाना म्हणाले, "आबा, बैलगाडीनं निघाला असतात तर मुक्काम करून परत आला असतात!"

आबा हसले. ते अशा वेळी हसत. लग्नात, बारशाला, कुणाच्या दहाव्याला भेटले तरी लोक विचारायचे, "आबा, पुस्तक?" आबांचं उत्तर ठरलेलं. "पुस्तक तयार आहे हो. मशीन उघडत नाही." ऐकणारा मान हलवायचा. मशीनला पेलवत नाही म्हणजे केवढा ग्रंथ असेल! असोद्यात तर त्यांच्या भाऊबंदांनी सांगून ठेवलं होतं की आबांचं पुस्तक एवढं मोठं शे की कॉम्प्युटर बसी जास.

*

मी एकदा भीत भीत सुचवलं, "आबा, एका नदीची एक फाईल करू. सहा लहान फायली. मशीन पटकन उघडेल."

आबा दचकले. ते अनेक वर्षं कॉलेजात परीक्षांचे प्रमुख होते. उत्तरपत्रिकेला पुरवण्या घट्ट बांधल्या आहेत की नाही हे ते वर्गावर्गांत फिरून स्वतः ओढून बघायचे. दोरा सैल दिसला की पोराला उभं करायचे.

"पुरवणी सुटली की मार्क गेले, डॉक्टर," ते म्हणाले. "सगळं एकत्र बांधलेलं बरं."

"मग निदान पेन ड्राइव्हवर एक कॉपी काढून ठेवू. मशीन बिघडलं तर?"

यावर ते अजूनच गंभीर झाले. "दुसरी प्रत निघाली की पेपर फुटतो."

नानांना राहवलं नाही. "आबा, तुमचा पेपर फुटला तर वाचणार कोण? आम्हाला घरी आणून दिलात तरी आम्ही वाचू की नाही शंका आहे!"

त्यानंतर बरेच दिवस आबा नानांच्या शेजारी बसत नव्हते. माझ्या पलीकडे बसायचे. आणि मी मध्ये बसून एकच विचार करायचो. माणसाच्या आयुष्याचं काम एका फाईलमध्ये, ती फाईल एका मशीनमध्ये, ते मशीन प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी मोटारसायकलच्या हँडलला!

*

लॅपटॉपची रॅम वाढवावी ही कल्पना कोठारी सरांची. चार जीबीची पट्टी काढून आठची टाकायची, बस्स. ही पट्टी म्हणजे मशीनचं कामाचं टेबल. टेबल मोठं असलं की मोठा नकाशाही एकदम पसरता येतो. हे मी गटाला समजावलं. छान समजावलं. समजावणं मला येतं.

"मग डॉक्टरच बसवतील," कोठारी सर म्हणाले. "त्यांचाच विषय!"

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. विषय माझाच होता, यात शंका नाही. सेमिकंडक्टर मेमरीवर माझा प्रबंध आहे. नोकरीभर मी रंगीत खडूंनी फळाभर तिची आकृती काढली. लाल खडूनं एक रांग, निळ्यानं दुसरी. पोरं म्हणायची, पाटीलसरांचे नकाशे आणि तुमची रॅम, बघत राहावं. पण लॅपटॉपमधली खरी पट्टी मी हातात घेतली नव्हती. पाहिलीही नव्हती. आमच्या लॅबला तसलं काही मिळायचं नाही, आणि मिळालंच असतं तर मी ते कपाटात कुलूप लावून ठेवलं असतं. बिघडलं तर?

मी म्हटलं, "आधी अभ्यास करावा लागेल."

नाना लगेच म्हणाले, "समिती नेमा!"

ते चेष्टेनं म्हणाले होते. पण आम्ही चौघंही आयुष्यभर कॉलेजात काढलेले. दुसऱ्या दिवशी खरंच समिती झाली. कोठारी सर अध्यक्ष, नाना सदस्य, आबा विशेष निमंत्रित, मी सचिव. मी अहवाल लिहिला. प्रस्तावना, पूर्वपीठिका, जोखीम, शिफारशी. जोखमीचं प्रकरण सगळ्यांत मोठं झालं. अंगातली स्थिर वीज बोटातून पट्टीत उतरली तर काय होतं, यावरच किती लिहिलं मी!

कोठारी सरांनी पूर्ण वाचला. चष्मा काढला. "डॉक्टर, अहवाल उत्तम. फक्त पट्टी कशी बसवायची ते कुठे दिसलं नाही."

मी पुन्हा चाळून पाहिला. खरंच नव्हतं.

*

जळगावातले दुकानदार लॅपटॉप बघूनच हसायचे. "काका, हा कितव्या शतकातला? नवीन घ्या." त्या जातीची पट्टी कुणी ठेवत नव्हतं. शेवटी कोठारी सरांच्या धुळ्यातल्या पुतण्याच्या दुकानात एक निघाली. मशीन दाखवूनच घ्यायची होती, म्हणून आबा आणि मी एसटीनं निघालो. लॅपटॉप स्वेटरमध्ये गुंडाळून आबांच्या मांडीवर, एखादं आजारी मूल न्यावं तसा.

वाटेत आबा खिडकीशी. बांभोरीचा पूल आला, "गिरणा." एरंडोलला, "ही अंजनी." पारोळा गेल्यावर त्यांनी समोरच्या बाकावरच्या शेतकऱ्यालाही सामील करून घेतलं. "भाऊ, ही बघा बोरी! हिच्यावर माझं एक मोठं प्रकरण आहे."

शेतकऱ्यानं वाकून पुलाखाली पाहिलं. मग आबांकडे पाहिलं. "आबा, आठे पानीना थेंब नही शे. नदी कोठे शे?"

"आत्ता नाही, भाऊ. पण आहे."

"मंग पुस्तकमा पानी शे का?"

आबांनी मांडीवरचा स्वेटर घट्ट केला आणि धुळ्याची पांझरा येईपर्यंत खिडकीकडे पाहिलं नाही.

दुकानात पुतण्यानं मशीन उलटं करून पाहिलं आणि पट्टी काढून काउंटरवर ठेवली. मी पहिल्यांदा पाहिली. चिक्कीची लांबट वडी असते ना, तेवढी. हिरवी. मी इतकी वर्षं हिच्यासाठी अख्खा फळा वापरत होतो!

"बसवून देऊ का काका? लगेच होईल."

मी सुटकेचा श्वास सोडणार एवढ्यात आबांनी लॅपटॉप ओढून पोटाशी धरला. "नाही. प्रश्नपत्रिकेचं पाकीट सील असतं. ते आपल्या केंद्रावर, आपल्या माणसांसमोरच फोडायचं. हे डॉक्टर बसवतील."

पुतण्यानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. परतीच्या गाडीत आबांना शांत झोप लागली. मी मात्र सगळा रस्ता माझ्या बोटांकडे बघत होतो. काही दिवसांपासून ती कप धरताना थरथरतात. घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

*

पाकीट आमच्या जेवणाच्या टेबलावर फोडलं. आबांनी परीक्षेतला नियम जसाच्या तसा लावला. साक्षीदार दोन, नाना आणि कोठारी सर. दोघांनी मशीन उलटसुलट बघून "सील शाबूत आहे" असं तोंडी म्हणायचं, मगच पहिला स्क्रू. नानांनी म्हटलंसुद्धा, पण वर जोडलं, "अकल शाबूत शे का ते नंतर देखू!"

स्थिर विजेच्या भीतीनं मी टेरिकॉटचा शर्ट काढून सुती बंडीवर बसलो होतो. शिवाय दर थोड्या वेळानं उठून स्वयंपाकघरातल्या लोखंडी नळाला हात लावून येत होतो, अंगातली वीज जमिनीत जावी म्हणून. हे शास्त्र आहे. आमच्या हिनं काही खेपा बघितल्या. मग विचारलं, "नळ सोडत नाही, हात धूत नाही, नुसतं हात लावून परत जाता. बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"शास्त्र आहे," मी म्हटलं.

"मग ठीक आहे. मला वाटलं काही झालं."

स्क्रू एवढुसे, मुंगीच्या डोक्याएवढे. मी काढून बशीत ठेवत गेलो. खालचं झाकण निघालं आणि मोजले तर एक कमी! टेबल झालं, फरशी झाली, माझ्या बंडीच्या घड्या झाल्या. मग माझं लक्ष गेलं. मी ज्या बशीत स्क्रू ठेवत होतो तिच्याशेजारची बशी शेवेची होती, आणि साक्षीदार मघापासून न बघता खात होते.

मी ओरडलो, "थांबा! चावू नका! दाताखाली काही लागलं तर गिळू नका!"

कोठारी सरांचा हात तोंडाशीच थांबला. नानांनी मात्र घास गिळला. शांतपणे पाणी प्यायले आणि म्हणाले, "माझ्या पोटात गेला असेल, तर अर्पणपत्रिकेत माझं नाव घाला."

स्क्रू सापडला नाही. तो लॅपटॉप अजून एका स्क्रूनं कमी आहे. नाना मात्र ठणठणीत आहेत.

*

जुनी पट्टी काढायला दोन्ही बाजूंच्या बारीक चिमटे बाहेर ढकलायचे असतात. ढकलल्याबरोबर पट्टी टुणकन वर उसळली. मला वाटलं, मोडली! मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते, पट्टीकडे कुणीच नाही.

नवी पट्टी मी देवाला फूल वाहावं तशी अलगद ठेवली. झाकण लावलं. वायर जोडली. बटण दाबलं.

पडदा काळा. आतून तीन शिट्ट्या. थांबून पुन्हा तीन शिट्ट्या.

बशीतली शेव संपली होती, तिचा तळ कोठारी सर उगाच बघत राहिले. फाईल डिस्कवर असते, पट्टीत नाही, हे मीच वर्गात शिकवलेलं, पण तेव्हा डोक्यात एकच. गिरणा, बोरी, पांझरा, एका माणसाच्या सगळ्या सुट्ट्या, आणि दुसरी प्रत नाही! मी म्हणालो, "आबा..."

आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या मऊ आवाजात ते कधी बोलले नव्हते. "जाऊ द्या, डॉक्टर. नसेल व्हायचं. मनाला लावून घेऊ नका."

मला रडू आलं. केवढं मन या माणसाचं! नानांनीसुद्धा चेष्टा केली नाही, यावरून काय ते समजा.

शेवटी हिनंच पुण्याला मुलाला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, दबक्या आवाजात बोलला. "पप्पा, दाबली का नीट? ती अलगद ठेवून चालत नाही. तिरकी घाला, मग खाली दाबा. जोरात. 'टक' वाजेपर्यंत."

"मोडली तर?"

"मोडत नाही हो! पप्पा, तुम्ही ना..." पुढे तो काय म्हणणार होता ते त्यानं म्हटलं नाही. त्याच्या बॉसनं हाक मारली असावी.

जोर लावायचा हे मला सुचलंच नव्हतं. कुठल्याही गोष्टीला जोर लावायचा असतो हे मला वेळेवर सुचत नाही. विभागप्रमुखपद माझ्यापेक्षा कनिष्ठाला गेलं तेव्हाही मी अर्ज असाच अलगद ठेवून आलो होतो, प्राचार्यांच्या टेबलाच्या कडेला. पंख्यानं उडाला म्हणे.

पुन्हा झाकण काढलं. नळाला हात लावून आलो. पट्टी तिरकी घातली, डोळे मिटले आणि दाबली. अजून दाबली.

टक!

नाना म्हणाले, "हाड मोडलं का डॉक्टर तुमचं?"

पडदा उजळला.

*

आबांची फाईल उघडायला किती वेळ लागला हे मला सांगता येणार नाही, कारण वेळ लागलाच नाही. कोठारी सर खुर्ची ओढून बसायला गेले आणि बसेपर्यंत पहिलं पान समोर. आम्ही टाळ्या वाजवल्या. हिनं चहा टाकला. माझ्याकडे सगळे ज्या नजरेनं बघत होते, तसं माझ्याकडे प्रबंध झाला तेव्हाही कुणी बघितलं नव्हतं.

"चला आबा, दाखवा," नाना म्हणाले. आबांनी बोटानं पानं सरकवायला सुरुवात केली.

मला वाटतं, आम्हाला सगळ्यांनाच इतका वेग अपेक्षित नव्हता. पूर्वी एक फोटो उघडायला इतका वेळ लागायचा की उघडला की आपण तो भक्तिभावानं बघायचो. आता वाघूर आली आणि गेली. गिरणा आली, गेली. डोह, पूल, वाळू, खडक, पूल, वाळू. खालच्या मजकुरात "हे एक रम्य वळण आहे" असं वाक्य दिसलं; पुढच्या पानावर पुन्हा तेच दिसलं; मला वाटलं पान सरकलं नाही, पण फोटो वेगळा होता. तापी तर रावेरहून निघाली आणि कपातला चहा निवायच्या आत प्रकाशा गावाला पोचली.

कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. कोठारी सर म्हणाले, "फोटो क्लिअर आहेत."

नाना पडद्याकडे टक लावून होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आबा, ही तं बठ्ठी रेतीच शे!"

'सगळी वाळूच' असं म्हणून बसल्यावर ते स्वतःच घाईघाईनं हसले. आम्हीही हसलो. आबा सगळ्यांत मोठ्यानं हसले. लॅपटॉप बंद केला, स्वेटरमध्ये गुंडाळला. "आता निवांत तपासतो," म्हणाले. "आता काय, अडचण उरली नाही."

*

यानंतरचा किस्सा मी ओट्यावर सांगितलेला नाही. तुम्हाला सांगावा की नाही हेही ठरत नाही, पण आता इथवर आलोय.

काही दिवस आबा सकाळी आले नाहीत. नाना म्हणाले, "ग्रंथ तपासत असतील." कोठारी सरांनी छापखान्यात शब्द टाकून ठेवला होता; कागद कुठला, बांधणी कुठली, विचारत होते. नानांनी प्रस्तावनेचं पहिलं वाक्य लिहून आणून वाचून दाखवलं. चांगलं होतं. एकदा तर मीच फोन केला, "आबा, मशीन कसं चाललंय?" आबा म्हणाले, "वाऱ्यासारखं हो." मी खूश झालो. त्या आठवड्यात माझी बोटं कमी थरथरत होती असं मला वाटलं. कदाचित नुसतं वाटलं असेल.

मग एका दुपारी आबा आले. दुपारी आमच्याकडे कुणी येत नाही. कडक ऊन, कॉलनीत कुत्रंसुद्धा नाही, आणि आबा दारात, डोक्याला उपरणं, हातात ती पिशवी. ही आत झोपली होती. आबांनी आधी आत डोकावून पाहिलं. "वहिनी?"

"झोपलीय. बसा ना. पाणी आणतो."

ते बसले. तांब्याभर पाणी प्यायले. उपरण्यानं तोंड पुसलं. मी वाट बघत होतो. मला वाटलं मशीन बंद पडलं, माझ्यामुळे, आता सांगतील.

"वाचलं सगळं," ते म्हणाले. "पहिल्या पानापासून."

"अरे वा! मग?"

"एका दुपारी संपलं, डॉक्टर."

मी म्हटलं, "आता मशीन जलद झालंय ना."

"हो. ते झालंय."

बाहेर भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली. मग आबांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली, स्वेटर सोडला, लॅपटॉप उलटा करून माझ्याकडे सरकवला.

"ती जुनी पट्टी फेकली नाहीत ना?"

"नाही. ठेवलीय कपाटात. का?"

"परत बसवता येईल?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "आबा, मग पुन्हा पूर्वीसारखंच होईल. सकाळी लावाल तर..."

"हो, हो. माहीत आहे मला."

"अहो, पण छपाई? कोठारी सरांनी छापखान्यात..."

आबा टेबलावरच्या लॅपटॉपकडे बघत होते. "वहिनी उठायच्या आत होईल का?" त्यांनी विचारलं.

मी उठलो. स्वयंपाकघरात जाऊन नळाला हात लावून आलो, आणि कपाट उघडलं.